सोबत कोणाला तरी घेऊन या

अल्लीपूर,
१५ मार्च २०२५

विमलाताईंना पुंडलिकचा नमस्कार.

चहा सोडून आज अकरावा दिवस. त्याचा खरा खर्च आधी लिहितो, बाकीचं मग. पहिले तीन दिवस डोकेदुखी. चौथ्या दिवशी अनुसयाशी भांडण, विषय पोह्यातलं मीठ. मीठ बरोबर होतं. सहाव्या दिवशी विवेक पाटील, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, "आता चहालेही विचारत नाई का?" म्हणत आपली विहिरीवरची मोटार उचलून हिंगणघाटला घेऊन गेले. आठव्या दिवशी एका मोटारीत तांब्याची तार भरताना वेढे मोजण्यात चुकलो. पस्तीस वर्षांच्या वाइंडिंगच्या धंद्यात पहिल्यांदा. सगळी तार उकलून पुन्हा भरली. चहाचे पैसे वाचले ते यात धरलेले नाहीत, कारण ते अनुसयाने परस्पर धरले.

आणि हे सगळं तुमच्यापायी. पाच तारखेला तुमचा निरोप आला: "आज राखेचा बुधवार. आजपासून ईस्टरपर्यंत फोन बंद. काही असल्यास पत्र लिहा." मी म्हटलं, ताई एकट्याच काऊन सोडतील, आपणही काही सोडू. आमच्या घरच्या उपवासाचं तुम्हाला माहीतच आहे, एकादशी अन् दुप्पट खाशी. हा तसला नाही. तुमचे चाळीस दिवस पुरे होईपर्यंत एक घोट नाही, लिहून ठेवा.

परवा सवयीने तुमचा नंबर लावला. फोनमधली बाई म्हणाली, बंद आहे. मला ठाऊक होतं, तरी आणखी दोनदा लावला. एकतीस वर्षांपूर्वीचा तुमचा वॉर्ड आठवला. आमची दीपाली सातव्या महिन्यात झाली होती, आत अनुसया, बाहेर मी भिंतीला टेकून. तुम्ही, तेव्हा नुसत्या 'सिस्टर', बाहेर आलात आणि माझ्या हातात चहाचा कप दिलात. म्हणालात, "घ्या भाऊ. घाबरलेल्या माणसाने हातात काहीतरी गरम धरावं." तेव्हापासून मी तुमचा भाऊ झालो आणि चहाचा गुलाम.

तर सांगा, हे स्वतःला नाकारणं म्हणजे नेमकं काय? माणसाने काय काय सोडायचं?

आपला,
पुंडलिक

*

रोहणा,
२० मार्च

पुंडलिकभाऊ, प्रेमाचा सलाम.

चहा सोडून घरात भांडण होत असेल तर चहा प्या. अनुसयावहिनींनी काय पाप केलं?

तुम्ही विचारलं म्हणून लिहिते. प्रभूने सांगितलं की माझ्यामागे यायचं असेल तर स्वतःला नाही म्हणा, आणि आपापला क्रूस रोज उचला. त्यात चहासाखर कुठेच नाही. सोडायचा तो 'मी'. मला हवं, मला नको, माझं कसं होईल, हे जे आत सारखं चाललेलं असतं, ते. मी फोन सोडला, कारण माझं मन त्यात अडकून राहिलं होतं. सारखं लक्ष तिकडेच. आता तो कपाटात आहे, ह्यांच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळून, माझ्या ड्यूटीच्या पांढऱ्या साड्यांखाली. कधी कधी दुपारी तो वाजल्यासारखा वाटतो. उठून पाहते. बंदच असतो. मग कपाटाला पुन्हा किल्ली लावते.

बाकी ठीक. शेजारची मंदाबाई पाणी भरून देते म्हणते, मी देऊ देत नाही. सहासष्टाव्या वर्षी हंडा अजून मीच उचलते, फक्त आता उजव्या हाताने. मोहिनी पुण्याहून मंदाबाईच्या फोनवर विचारपूस करते. आई प्रार्थनेत आहे, असं मी मंदाबाईला सांगायला लावते. लेक आहे, रागावते.

फेब्रुवारीत वर्ध्याला गेले होते, जुन्या वॉर्डात. सगळ्या नव्या पोरी. एकीनेही ओळखलं नाही. एका परीने बरंच झालं.

शास्त्रात 'भिऊ नका' पुष्कळ ठिकाणी आहे. एवढ्या वेळा का सांगावं लागलं असेल, असा विचार हल्ली येतो.

तुमची बहीण,
विमला

*

अल्लीपूर,
२५ मार्च

विमलाताईंना नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. माझा धंदा तुम्ही पाहिलाय. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आतलं बेअरिंग आपणच बोलतं. शेतकरी येतो आणि म्हणतो, "काही नाई जी, थोडासा आवाज येऊन राह्यला." तोवर आतली तार जळून काळी झालेली असते. ताई, तुमच्या पत्रात थोडासा आवाज येऊन राह्यला.

फोनला तुम्ही जन्मभर शिव्या दिल्या. तुम्ही फोन सोडणं म्हणजे मी कारलं सोडण्यासारखं आहे. मग कपाटाला किल्ली कशाला? लेकीशी बोलायचं टाळता कशाला? मी दोन दिवस विचार केला आणि माझ्या लक्षात आलं. मोहिनी. रोहण्याचं घर विकून पुण्याला चला, असा तिने लकडा लावला असणार आणि तुम्ही त्याला उपवासाचं नाव दिलं.

दीपालीकडून नंबर घेतला आणि काल तिला चांगलं सुनावलं. म्हटलं, "बाई, आईले एवढं काऊन छळून राह्यली? तिले तिच्या घरात सुखानं राहू दे." ती रडायला लागली. म्हणजे खिळा बरोबर जागी लागला. आता ती त्रास देणार नाही. फोन चालू करा.

माझा कान चुकत नाही, हे तुम्ही मान्य कराल.

चहाचा आज एकविसावा दिवस. आता डोकंही दुखत नाही.

आपला,
पुंडलिक

*

रोहणा,
३० मार्च

पुंडलिकभाऊ,

तुम्ही माझ्या लेकीला विनाकारण रडवलं. तिने मंदाबाईच्या फोनवर मला बोलावून एवढंच विचारलं, "आई, मी काय केलं?" माझ्याकडे उत्तर होतं आणि मी ते दिलं नाही. म्हणून हे तुम्हाला लिहिते. नाही तर कोणालाच लिहिणार नव्हते.

२२ फेब्रुवारीला आंघोळ करताना डाव्या बाजूला, छातीत, गाठ हाताला लागली. हरभऱ्याच्या घाट्याएवढी. नोकरीभर मी बायांना सांगत आले की गाठ दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ही दुखत नाही.

२५ तारखेला कोणाला न सांगता वर्ध्याला गेले. सुई घालून तुकडा घेतला. माझा नंबर लिहून घेतला, आठ दिवसांत फोन करू म्हणाले. आता पुढचं समजून घ्या. तो फोन मी स्वतः कित्येक वर्षं केलेला आहे. रिपोर्ट चांगला असला की आम्ही सांगायचो, रिपोर्ट आलाय, कधीही घेऊन जा. वाईट असला की फोनवर काही बोलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. मग एवढंच म्हणायचं: "सोबत कोणाला तरी घेऊन या." किती जणींना म्हटलं असेल. एखादी विचारायची, "एकटीनं आली तर नाई चालत का जी?" मी उत्तर द्यायची नाही. त्या बाईचा श्वास मला तारेतून ऐकू यायचा.

आठवा दिवस म्हणजे राखेचा बुधवार. आर्वीला उपासनेत गेले होते. पाळकांनी कपाळावर राख लावली, तू माती आहेस आणि मातीला मिळशील म्हणाले, आणि तेवढ्यात पिशवीत फोन थरथरला. मी तो काढून पाहिला नाही. जागेवर येऊन बसले, डोळे मिटले, आणि मनात आलं, हाच माझा त्याग. स्वतःच्या जिवाची विचारपूस करायची नाही. घरी येऊन तुम्हाला आणि मोहिनीला निरोप टाकला आणि फोन बंद केला.

तेव्हापासून रोज हेच स्वतःला सांगते. उजेड आहे तोवर पटतं. दिवे लागले की हात आपोआप तिथे जातो. मोठी झाली आहे का, ते कळत नाही. मला कळायला हवं, मी नर्स आहे, पण स्वतःच्या अंगावर बोटं खोटं बोलतात.

मोहिनीला सांगू नका. शपथ घालत नाही, आमच्यात घालत नाहीत. शब्द द्या.

विमला

*

अल्लीपूर,
४ एप्रिल

विमलाताई,

तुमचं पत्र दुकानात फोडलं आणि भरदुपारी शटर अर्धं ओढून घेतलं. मोहिनीला फोन केला. म्हटलं, "बाई, माझी ऐकण्यात चूक झाली, माफ कर." कारण सांगितलं नाही. तिने खोदून विचारलं, तरी नाही. तुम्ही मागितला तो शब्द पाळला. असा शब्द पुन्हा माझ्याकडे मागू नका. 

माझा धाकटा भाऊ नत्थू तुम्ही पाहिला होता. तंबाखूचा खर्रा खायचा. दुकानात माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून काम करायचा. तोंडात त्याला चट्टा आला होता. दोन वर्षं तो माझ्या शेजारी बसून फक्त उजव्या बाजूने चावत होता, आणि मी तालुक्यातल्या मोटारींचे आवाज ओळखत होतो. शेवटी कळलं तेव्हा त्याला विचारलं, काऊन नाई सांगितलं? म्हणाला, "दादा, तुले टेन्शन कायले द्यायचं." त्याने आम्हाला टेन्शन दिलं नाही, हा त्याचा त्याग. तेरा वर्षं झाली. तो गेला, टेन्शन अजून आहे.

ताई, मी तुमच्या शास्त्रातला माणूस नाही. मला कळतं तेवढं लिहितो, चुकलं तर कान धरा. सोडायचं ते आवडीचं. मला चहा आवडतो, मी चहा सोडला. तुम्हाला काय आवडतं ते एकतीस वर्षं पाहतो आहे. दुसऱ्याची उशी नीट करायला तुम्हाला आवडतं. तुमच्या उशीला कोणी हात लावलेला तुम्हाला खपत नाही. मंदाबाईने भरलेला हंडासुद्धा खपत नाही. लेकीने आपल्यासाठी चार दिवस रजा काढावी, हे तर तुम्हाला मरणापेक्षा अवघड. मग तेच सोडा ना. 'मला कोणाची गरज नाही' हे सोडून दाखवा, म्हणजे मी मानीन की तुम्ही काही सोडलं. फोन तुम्ही सोडलेला नाही. फोनच्या मागे लपलात.

कडू लिहिलं. आता शुक्रवारी, ११ तारखेला, सकाळच्या एसटीने रोहण्याला येतो. ओसरीत बसेन. घरात पाऊल टाकणार नाही, कपाटाचं नाव काढणार नाही. तुम्ही फोन चालू करा किंवा करू नका. दुपारच्या गाडीने परत जाईन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. मी घाबरून येत नाही. घाबरलो असतो तर चहा प्यायलो असतो. आज एकतिसावा दिवस आहे.

पुंडलिक

*

रोहणा,
७ एप्रिल

पुंडलिकभाऊ,

येऊ नका. ईस्टरनंतर पाहू. देवाला बोललेले दिवस मध्येच मोडू नयेत.

आलात तर खुर्ची ओसरीत असेल. तिथे नऊनंतर ऊन येतं, टोपी आणा.

विमला

*

अल्लीपूर,
१३ एप्रिल

विमलाताईंना नमस्कार.

शुक्रवारी आपण दोघं धड काही बोललोच नाही. परतीच्या गाडीतही मला बोलायला कोणी नव्हतं. म्हणून लिहितो.

तुम्ही 'या' म्हणालात, खुर्ची दाखवलीत आणि आत गेलात. त्यानंतर मी काहीच पाहिलं नाही, फक्त ऐकलं. बराच वेळ भाजी चिरल्याचा आवाज. मग तोही थांबला. मला वाटलं, झालं, आता दुपारची गाडी. अंगणात मंदाबाई ये-जा करत होती, ती काही विचारायची, मी हो हो म्हणायचो. आत पूर्ण शांत. ताई, नत्थूच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या खोलीबाहेर बसायचो तेव्हा अशी शांतता ऐकली होती. उठून पळून जावं असं वाटलं.

मग कपाटाची किल्ली फिरली. चार्जर लावल्याचा आवाज आला, आणि तेवढ्यात पंखा बंद पडला. लाइन गेली. तुम्ही आत हसल्याचं ऐकलं, पण ते हसणं काही बरं नव्हतं. अर्धा तास गेला. लाइन आली. फोन सुरू झाला आणि त्याच्यात एकामागून एक निरोप पडायला लागले. टिंग, टिंग. मी मोजत होतो. एकोणीसनंतर थांबले. ते थांबल्यावर जास्त भीती वाटली.

तुम्ही नंबर लावलात. नाव सांगितलंत, तारीख सांगितलीत. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. कितीही कान टवकारले तरी नाही.  मग तुमचं एकच वाक्य ऐकलं.

"हो. घेऊन येते."

तुमच्या पत्रामुळे पलीकडचं वाक्य मला पाठ होतं, ताई. त्यामुळे ते न ऐकताच ऐकू आलं.

त्यानंतर तुम्ही मोहिनीला फोन लावलात. तेव्हा मात्र मी उठून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. सगळंच ऐकायचं नसतं, एवढं आता शिकलो.

तुम्ही धीराने घेतलंत. मीही त्या दिवशी खंबीर राहिलो, हेही लिहून ठेवा. आज माझा चाळिसावा दिवस. एक घोट नाही. तुमच्या पाळकांना सांगा, अल्लीपूरच्या एका वाइंडिंगवाल्याने तुमचा उपवास तुमच्या माणसांपेक्षा कडक पाळला.

वर्ध्याला कधी जाताय ते लगेच कळवा. अनुसया आणि मी येतो. नको म्हणू नका.

पुंडलिक

*

वर्धा,
१९ एप्रिल

पुंडलिकभाऊ, प्रेमाचा सलाम.

फोन मोहिनीच्या हातात आहे आणि तो सारखा वाजतो, म्हणून पत्रच लिहिते. पत्र ती अल्लीपूरच्या एसटीत कंडक्टरजवळ देईल, म्हणजे सोमवारच्या आत पोचेल. तुम्ही अनुसयावहिनींना घेऊन सोमवारी या. नको म्हणत नाही.

सोमवारी ऑपरेशन. एक बाजू पूर्ण काढणार. डॉक्टर म्हणाले, दीड महिना आधी यायला हवं होतं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, तरी बघू. 'तरी बघू' म्हणजे काय ते मला माहीत आहे, आणि माहीत असून त्याचा काही उपयोग नाही. काखेतल्या गाठींचं ऑपरेशननंतर कळेल. मी पुष्कळ घाबरले आहे, भाऊ. हे वाक्य लिहायला मला दीड महिना लागला.

मी गेले तेव्हा आचल नावाची सिस्टर होती, विशीतली. ११ तारखेला फोनवर तीच होती. ते वाक्य म्हणताना तिचा आवाज लटपटला. माझा कधी लटपटायचा नाही, आणि मला त्याचा अभिमान होता. मी तिला जवळ बोलावून विचारलं, किती दिवसांपासून हे फोन करते? म्हणाली, "दोन महिने झाले मावशी. रोज घरी जाऊन रडतो मी." मी तिला म्हटलं, रडत जा.

मोहिनी माझी उशी दिवसातून दहा वेळा नीट करते. चुकीचीच करते, मान अवघडते. मी काही बोलत नाही. तुम्ही लिहिलं होतं ते मला तेव्हा फार लागलं होतं. हंडा मी उचलला, उपवास मी केले, पण ज्या 'मी'ला नाही म्हणायचं तो तर कपाटाची किल्ली कमरेला लावून बसला होता. त्याला कोणाच्या हातचं पाणी चालत नव्हतं. आता पाजतात तेव्हा पिते. पहिल्या दिवशी घोट गिळता आला नाही. चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना हे शिकवलं, ते मला या खाटेवर कळलं, आणि अजून पूर्ण जमत नाही.

काल उत्तम शुक्रवार होता. वॉर्डात बसून मी तो बागेतला भाग वाचला. प्रभूला धरायला माणसं येणार असतात, आणि तो आपल्या तिघांना म्हणतो, माझा जीव कासावीस झाला आहे, इथे थांबा, माझ्यासोबत जागे राहा. मी हे कितीदा वाचलं असेल. त्याने सोबत मागितली होती, हे मला कधी दिसलंच नव्हतं. ते तिघे झोपले ही गोष्ट वेगळी.

तुम्ही झोपला नाहीत. याचे उपकार मी फेडणार नाही, तसेच ठेवून घेणार आहे. तेही आता शिकते आहे.

दोन गोष्टी तेवढ्या दुरुस्त करा. आमच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, तेव्हा तुमचा उपवास १३ तारखेला नाही, आज संपतो. आणि तुमच्या पहिल्या पत्रात चहाचा सगळा खर्च लिहिला होता, त्यात आता हेही जोडा. काल मंदाबाई भेटायला आली होती, तिने सांगितलं. त्या शुक्रवारी माझ्या ओसरीत बसल्या बसल्या तुम्ही तिच्या हातचा तीन कप चहा प्यायलात, आणि तिसरा तुम्ही मागून घेतला.

तुमची बहीण,
विमला